धुण्याचा पुडा निवडण्याआधी पाणी ओळखा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची आवराआवर तोंडावर आली आहे. पडदे, चादरी, सोफ्याच्या खोळी एकाच आठवड्यात धुवायला निघतील आणि इंदूरच्या गटारांतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त साबणाचे पाणी कान्ह आणि सरस्वती या नद्यांकडे वाहू लागेल. यंदा निसर्गाला जपणारी पावडर घ्यावी असे अनेक घरांना मनापासून वाटते. ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’, ‘प्लांट बेस्ड’ अशा पुड्यांनी दुकानांच्या फळ्याही भरल्या आहेत. त्यांतला कोणता घ्यावा असे जो तो विचारतो, पण कपडे कोणत्या पाण्यात धुणार हे ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तर नाही. इंदुरात तर मुळीच नाही, कारण इथे एकाच घराला दोन तऱ्हांचे पाणी मिळते: सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेले नर्मदेचे, आणि माळव्याच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे. दुसरे बहुतेक वसाहतींत पहिल्यापेक्षा बरेच जड असते.

जड पाणी म्हणजे ज्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त ते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असे आहे. म्हणजे ४०० चे बोअर पिण्याच्या नियमात बसते, पण धुण्याच्या दृष्टीने ते फारच जड. आपण ३०० चे पाणी धरू. अशा २० लिटरच्या बादलीत फेस धरण्याआधीच सुमारे ३५ ग्रॅम शुद्ध साबण कॅल्शियमशी जुळून पांढरट चिकट साका होऊन बसतो. दीडशे ग्रॅमच्या वडीचा हा जवळजवळ पाव भाग झाला, आणि त्याने मळाचा एक कणही काढलेला नसतो. उलट तो साका कपड्याच्या धाग्यांत अडकतो. पांढरे सदरे वर्षभरात करडे पडतात, टॉवेल ताठरतात, त्याचे हे कारण आहे. पावडरीतली कृत्रिम द्रव्ये जड पाण्यात साबणाइतकी हार मानत नाहीत, तरी त्यांचाही काही भाग वाया जातोच. मग घरोघरी एकच उपाय होतो: आणखी एक चमचा पावडर. नदीत जाणारा बराचसा भार या जास्तीच्या चमच्यातून येतो. पुड्यावर हिरवे पान छापलेले असले म्हणून तो कमी होत नाही.

त्याच बादलीतला जडपणा ६ ते ७ ग्रॅम धुण्याच्या सोड्याने मोडतो. साधारण दोन सपाट चहाचे चमचे. मॅग्नेशियम सोड्याला नीट दाद देत नाही, म्हणून वर अर्धा चमचा घालावा. क्रम मात्र पाळायला हवा. आधी पाण्यात सोडा विरघळवायचा, दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, पाणी किंचित गढूळ झाले की मग साबण किंवा पावडर. दोन्ही एकदम टाकले तर कॅल्शियमपर्यंत साबणच आधी पोचतो आणि सोड्याचा उपयोग निम्मा होतो. सोडा घेताना कोरडी भुकटी आहे की खडे, हे पाहावे. खड्यांत जवळपास ६३ टक्के पाणीच असते, त्यामुळे खडे घेतले तर वजन पावणेतीन पट धरावे लागते. ‘सोड्याने काही फरक पडला नाही’ ही तक्रार बऱ्याचदा खड्यांचे माप भुकटीच्या चमच्याने घेतल्यामुळे असते. सियागंजात किंवा मल्हारगंजात सुटा सोडा मागताना ‘धुण्याचा’ असे स्पष्ट सांगावे. खाण्याचा सोडा फारच सौम्य, या कामाला तो पुरत नाही. धुण्याचा सोडा तीव्र असतो, तेव्हा हातमोजे घालावेत, डबा मुलांच्या हाताला लागू देऊ नये, आणि रेशीम-लोकरीला तो कधीही लावू नये.

आपले पाणी किती जड आहे, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पारदर्शक बाटली पाण्याने अर्धी भरावी, त्यात साध्या तेलाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाकून जोरात हलवावी. वर दाट फेस आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी राहिले तर पाणी हलके. फेस धरलाच नाही आणि पाणी दुधासारखे गढूळ होऊन कडेला साका चिकटला तर जड. या परीक्षेला डिटर्जंटची वडी किंवा शाम्पू चालत नाही, ते जड पाण्यातही फेस देतात आणि फसवतात. आकडा हवा असेल तर थेंब मोजून रंगबदल पाहायचा जडपणाचा किट मिळतो. आरओ बसवायला येणारे कारागीर दाखवतात तो टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा मिळून आकडा. त्यात मीठही आले, सोडाही आला. त्यावरून जडपणा ठरवू नये.

यातून एक बिनखर्चाची गोष्ट निघते. नर्मदेचे पाणी बहुतेक भागांत एक दिवसाआड येते आणि इमारतीच्या हौदात बोअरच्या पाण्यात मिसळते. जिथे वेगळी टाकी आहे किंवा नळ थेट येतो, तिथे मोठे धुणे नर्मदेच्या दिवशीच काढावे आणि पावडरीचे माप खाली आणावे. बोअरचे पाणी फरशी, अंगण, गाडीसाठी राहू द्यावे. इमारतीत हौद एकच असेल तर कोणत्या वेळी कोणते पाणी चढवले जाते, हे पंप चालवणाऱ्याला विचारले की कळते.

आता पुड्यावरच्या शब्दांकडे. ‘बायोडिग्रेडेबल’ हा त्यांतला सर्वांत फुगवलेला. ठरलेल्या परीक्षेत २८ दिवसांत द्रव्याचा किमान ६० टक्के भाग जीवाणूंनी खाऊन संपवला, की त्याला सहज विघटनशील म्हणतात. नेहमीच्या स्वस्त पावडरीत असणारे एलएएस हे खनिज तेलापासून बनणारे, मळ काढणारे द्रव्यही या परीक्षेत उतरते. जगभर नद्यांवर फेसाचे डोंगर उठवणारी जुनी फांदीदार साखळीची द्रव्ये वेगळी होती. साठच्या दशकापासून त्यांच्या जागी सरळ साखळीची आली ती याचसाठी. तेव्हा हा एक शब्द पाहून दुप्पट पैसे देण्यात अर्थ नाही. सेप्टिक टँक असलेल्या घरांनी मात्र इथे थांबावे. एलएएसला कुजण्यासाठी हवा लागते, बंद टाकीत ते नीट मोडत नाही. शहराच्या कडेच्या, गटारलाइन न पोचलेल्या वसाहतींत म्हणूनच साखर आणि तेलापासून बनणारे अल्किल पॉलिग्लुकोसाइड असलेले द्रव किंवा रिठा खरोखर जास्त चांगला. ‘प्लांट बेस्ड’चा अर्थ बहुतेक वेळा नारळ किंवा पाम तेल एवढाच. कच्चा माल झाडाचा, पण एसएलएस आणि एसएलईएस ही त्यापासूनची मळ काढणारी द्रव्ये कारखान्यातच घडतात. ती वाईट नाहीत, पण त्यांना रिठ्याच्या रांगेत बसवू नये.

पाहायला हवे ते फॉस्फेट. एसटीपीपी हा क्षार पाणी हलके करतो, म्हणून पावडरीत टाकतात. त्याचा चौथा भाग निव्वळ फॉस्फरस असतो. पाण्यात एक ग्रॅम फॉस्फरस गेला की त्यावर साधारण शंभर ग्रॅम कोरड्या वजनाचे शेवाळ पोसले जाऊ शकते. ते मेले की कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासे गुदमरतात. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. सिरपूरच्या भोवती वसाहती दाटल्या आहेत, तिथल्या घरांनी तरी ‘फॉस्फेटविरहित’ असे स्पष्ट लिहिलेलाच पुडा घ्यावा. फॉस्फेटऐवजी झिओलाइट किंवा सोडियम सायट्रेट असेल तर उत्तम. ‘सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात जातेच की’ असे म्हणून हा विषय संपत नाही. इंदूर २०२१ मध्ये स्वच्छ भारत अभियानात सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले आणि कबीटखेडीचे दिवसाला २४५ दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र मोठे काम करते, हे खरेच. पण अशी केंद्रे कुजणारा मळ मोडतात. फॉस्फरस काढायचा तर खास व्यवस्था लागते, आणि पाण्यात विरघळलेला सोडियम व सल्फेट जसाच्या तसा बाहेर पडतो. स्वस्त पावडरीत सोडियम सल्फेट किंवा साधे मीठ भर म्हणून भरपूर असते. कपडे त्याने धुतले जात नाहीत, पुडा तेवढा मोठा दिसतो. पुढे तेच पाणी कान्हमधून त्रिवेणीला क्षिप्रेत जाते, आणि उज्जैनचा २०२८ चा सिंहस्थ आता दूर नाही.

बहुतेक पुड्यांवर घटकांची पूर्ण यादी नसते, हे मोठे दुखणे आहे. सरकारी ‘इकोमार्क’ योजना १९९१ पासून आहे, तिचे चिन्ह मातीचे मडके. २०२४ मध्ये तिचे नवे नियम आले, पण धुण्याच्या पुड्यावर हे मडके क्वचितच दिसते. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या नावाने होणाऱ्या फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द वापरायचे तर आधार द्यावा लागतो. पुड्यावर आधार नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहून विचारावे, आणि उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. दहा घरांनी विचारले तर यादी छापली जाईल, असे मला वाटते.

रिठ्याबद्दल थोडे सविस्तर, कारण जड पाण्यात त्याचे खरे मोल कळते. रिठ्याच्या सालीतले सॅपोनिन साबणासारखा साका करत नाही. चार-पाच किलो कपड्यांसाठी बिया काढलेली ४० ते ५० ग्रॅम साल लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालावी. सकाळी पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर उकळावी, कोमट झाल्यावर चांगली कुस्करावी आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळावी. भांडे मोठे घ्यावे, हा काढा दुधासारखा उतू जातो. बाहेर तो दोन दिवस टिकतो, फ्रिजमध्ये आठवडाभर. आंबूस वास किंवा तार आली की टाकून द्यावा. अर्धा चमचा लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घातले तर थोडा जास्त टिकतो. उरलेला चोथा दुसऱ्यांदा उकळला तर भांड्यांपुरते पाणी मिळते. मशीनमध्ये बियांसकट रिठे पिशवीत बांधून टाकण्याची पद्धत थंड पाण्यात फारशी चालत नाही, साल नीट भिजायच्या आत धुणे संपते. रिठ्याची भुकटी हाताळताना नाक-तोंड झाकावे, आणि काढा डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो.

रिठ्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रोजचे सुती कपडे, लहान मुलांचे कपडे, रेशीम, लोकर यांना तो फार चांगला. कॉलरचा तेलकट मळ आणि स्वयंपाकघरातली फडकी त्याला एकट्याला जमत नाहीत. पांढऱ्या कपड्यांवर काढ्याची तपकिरी छटा हळूहळू चढते. आणि तो निसर्गाचा आहे म्हणून सगळ्यांना सुरक्षित, असे नाही. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक असते, मासे गुंगवून पकडण्यासाठी अशा फळांचा वापर पूर्वापार होत आला आहे. रिठ्याचे पाणी तलावात, विहिरीत किंवा घरातल्या कमळाच्या कुंडात थेट ओतू नये. मातीत किंवा गटारात ते लवकर मोडते.

महेश्वरी साडीला रिठ्यासारखे दुसरे काही नाही. सूत आणि रेशीम एकत्र, वर जर, त्यामुळे सोडा नको, एन्झाइमची पावडरही नको. डाग खाणारे प्रोटीएज हे एन्झाइम प्रथिने मोडते, आणि रेशीम म्हणजे प्रथिनच. अर्धी बादली थंड पाण्यात वाटीभर काढा, पाच मिनिटे बुडवून हलक्या हाताने दाबणे, दोन पाण्यांत विसळणे, पिळ न देता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपणे आणि सावलीत वाळवणे, एवढेच करावे. विसळायच्या शेवटच्या बादलीत पाव चमचा लिंबूफूल टाकले तर रेशमाची चमक टिकते.

सुती कपडे, चादरी, पडदे यांच्यासाठी मात्र एन्झाइम हा चांगला सोबती आहे. त्याची मात्रा थोडी लागते आणि ते थंड-कोमट पाण्यात काम करते. पण अर्धा तास तरी भिजू द्यावे लागते. उकळत्या पाण्यात पावडर टाकली की एन्झाइम मरते आणि त्याचे पैसे फुकट जातात. पांढऱ्यांसाठी क्लोरीनच्या ब्लीचऐवजी सोडियम परकार्बोनेट घ्यावे. पाण्यात ते धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि शेवटी उरतो सोडा, पाणी आणि प्राणवायू. पाच लिटर चांगल्या कढत पाण्यात एक मोठा चमचा, तासभर भिजत. थंड पाण्यात ते जवळजवळ झोपून राहते, म्हणून ‘काही उपयोग नाही’ असा त्याच्यावर आळ येतो. लोखंडी हूक, पितळी बटणे आणि जर असेल तिथे वापरू नये. भिजवलेले द्रावण बाटलीत झाकण लावून ठेवू नये, वायू साठून बाटली फुटते.

हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो आणि माणसे घाबरून ब्लीचकडे धावतात. हळदीचा रंग क्षारात लाल होतोच, आणि उन्हात उडतोही. धुवून ओलसर असतानाच कडक उन्हात टाकावे, दोन-तीन उन्हांत डाग जातो. रक्ताला थंड पाणीच, गरम पाण्याने ते धाग्यात पक्के बसते. रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीचे रंग आधी कोरडे झटकून, मग वाहत्या थंड पाण्यात.

फॅब्रिक कंडिशनर घरातून काढून टाकला तरी कोणाचे अडणार नाही. तो धाग्यावर मेणासारखा थर चढवतो, टॉवेल पाणी टिपेनासे होतात, आणि महिनाभर टिकणारा सुगंध अनेकदा प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म कुप्यांत भरलेला असतो. त्याऐवजी विसळायच्या शेवटच्या बादलीत एक सपाट चमचा लिंबूफूल टाकावे. पाण्यातला आणि सोड्याने बसवलेला चुनखडीचा थर निघतो, कपडा मऊ होतो. हीच आम्लता साबणाच्या पाण्यात आधी टाकली तर मात्र साबण फुटून तेलकट गोळे होतात. व्हिनेगर आणि सोडा एकत्र टाकून फसफस पाहण्याच्या घरगुती कृतीचेही तसेच, एकमेकांना मारून खाली नुसते क्षाराचे पाणी उरते. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबूफूल कधीच मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंबीच्या साली आणि दहा भाग पाणी नव्वद दिवस आंबवून केलेले बायोएन्झाइम फरशीला ठीक. कपड्यांना ते पुरेसे नाही, आणि गुळाचा रंग पांढऱ्यांवर उतरतो.

मशीनचे माप पुड्यावर दिले असते त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि कपडे पाहून वाढवावे. शेवटच्या विसळण्याचे पाणी बाटलीत भरून हलवले आणि फेस टिकला, तर माप अजून जास्त आहे. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये जास्त फेस म्हणजे कपड्यांना गादी मिळाल्यासारखे, घासणेच होत नाही. शिवाय रबराच्या पाळीत साका बसून कुबट वास येतो. पॉलिस्टरचे कपडे भरगच्च भरून, मशीनच्या कमी वेळाच्या फेरीत, थंड पाण्यात धुवावेत, त्यांतून सुटणारे प्लास्टिकचे तंतू कमी होतात. जाळीत अडकलेला कापूस मोरीत खंगाळू नये, चिमटीने काढून सुक्या कचऱ्यात टाकावा.

धुण्याचे पाणी बागेला घालणाऱ्यांनी सावध राहावे. पावडर आणि सोड्यातला सोडियम आपल्या काळ्या मातीचे कण सुटे करतो. माती चिकट होते, वाळली की दगड होते आणि पाणी मुरेनासे होते. बागेला फक्त शेवटच्या विसळण्याचे पाणी द्यावे, तेही पाळीपाळीने. बोरॅक्स असलेल्या कृतीचे पाणी झाडांना अजिबात देऊ नये, बोरॉन थोडे जास्त झाले तरी पानांच्या कडा जळतात.

आपल्या पत्राकडे एक विनंती आहे. महानगरपालिकेकडून झोननिहाय नर्मदेच्या आणि सार्वजनिक बोअरच्या पाण्याचा जडपणा मागवून तो दिवाळीआधी एकदा आणि नंतर दर तिमाहीस छापावा. टीडीएस नको, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबातला जडपणा हवा. त्या चौकटीत २० लिटरच्या बादलीला किती सोडा लागेल, तेही द्यावे: लिटरमागच्या दर १०० मिलिग्रॅम जडपणाला सुमारे २ ग्रॅम कोरडी भुकटी.

आपला,
एक वाचक
सुदामानगर, इंदूर